हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट कसा वाचायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्यातल्या एका लॅबच्या रिपोर्ट काउंटरवर मी बरीच वर्षं बसते. साखरेचा किंवा थायरॉइडचा रिपोर्ट लोक आपला आपणच वाचतात आणि घरी जातात. हिपॅटायटिस बीचा, म्हणजे यकृताला होणाऱ्या 'कावीळ ब'चा, कागद हातात पडला की मात्र काउंटरसमोरच थबकतात. जे थांबत नाहीत, त्यांचा रात्री व्हॉट्सॲपवर फोटो येतो: 'मॅडम, हे बरं की वाईट?' खालचे प्रश्न त्याच फोटोंखाली आलेले आहेत, नावं काढून टाकली आहेत. औषध कुणाला द्यायचं, कधी द्यायचं हे डॉक्टर ठरवतील. मी फक्त कागदावर काय लिहिलंय तेवढं सांगते.

१. एचबीएसएजी, अँटी-एचबीएस, अँटी-एचबीसी. सगळी नावं सारखीच वाटतात. कशाचा काय अर्थ?

हा विषाणू नारळ आहे असं समजा. बाहेरचं सोडण (साल) म्हणजे 'एस', आतला गर म्हणजे 'सी', म्हणजेच कोअर. नावात शेवटी 'एजी' असेल तर तो विषाणूचा तुकडा. सुरुवातीला 'अँटी' असेल तर त्या तुकड्याविरुद्ध आपल्या शरीराने तयार केलेलं प्रतिपिंड.

एचबीएसएजी सापडला म्हणजे रक्तात सोडणं सापडली, विषाणू आत्ता अंगात आहे. हा विषाणू अख्ख्या नारळांपेक्षा रिकामी सोडणंच हजारो पटींनी जास्त रक्तात टाकतो. कुणाच्या परसात सोडणांचा ढीग दिसला की आत नारळ सोलणं चालू आहे हे कळतं, तसंच हे. अँटी-एचबीएस म्हणजे सोडणाविरुद्धचं प्रतिपिंड, म्हणजे संरक्षण. अँटी-एचबीसी म्हणजे गराविरुद्धचं प्रतिपिंड. ते संरक्षण देत नाही, फक्त साक्ष देतं की खरा विषाणू कधीतरी या अंगात शिरला होता.

लशीत नुसतं सोडण असतं, तेही यीस्टमध्ये तयार केलेलं. गर नसतोच. म्हणून लशीमुळे अँटी-एचबीसी कधीच तयार होत नाही. एवढं लक्षात राहिलं तर निम्मे रिपोर्ट तुमचे तुम्हाला वाचता येतील.

२. रिपोर्टवर ठळक अक्षरात 'पॉझिटिव्ह' आलंय. म्हणजे मला कावीळ ब झाली का?

आधी 'पॉझिटिव्ह'च्या डावीकडचं नाव वाचा. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर संसर्ग आहे. अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह असेल तर अभिनंदन. काही लॅब याच तपासणीला 'एचबीएसएबी' म्हणतात. एजी आणि एबी, एका अक्षराचा फरक आणि अर्थ अगदी उलटा.

गेल्या पावसाळ्यात बोटीवर जायच्या तयारीतला एक मुलगा आला होता. रिपोर्टची चौपदरी घडी, त्याच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जॉइनिंगचं पत्र. कागदावर अँटी-एचबीएस ३४२, पुढे ठळक 'पॉझिटिव्ह'. आईला फोनवर सांगून झालं होतं, तिकडे रडारड चालू होती. मी पेनाने 'अँटी' या शब्दाभोवती गोल केला आणि सांगितलं, लस छान लागू पडलीय, बस. तो जरा वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग हे ठळक कशाला छापता?" बरोबर होतं त्याचं. ठरलेल्या मर्यादेबाहेरचा आकडा दिसला की सॉफ्टवेअर तो ठळक करतं. ही मर्यादा ओलांडलेली चांगली असते, हे त्याला कळत नाही.

३. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' लिहिलंय. मी तर कधी परदेशी गेलो नाही.

ते एचबीएसएजीचंच जुनं नाव. १९६० च्या दशकात बारूच ब्लूमबर्ग यांना हा पदार्थ पहिल्यांदा ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात सापडला, म्हणून ते नाव पडलं. पुढे १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांच्या पेनातून ते नाव अजून गेलेलं नाही.

४. निकालापुढे ०.३८ असा आकडा आहे, शेजाऱ्याचा २,४०० आला. त्याच्या अंगात जास्त विषाणू आहे का?

एचबीएसएजीच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये येणारा हा आकडा म्हणजे मशीनला मिळालेला सिग्नल भागिले उंबरठा. बहुतेक पद्धतींत एकच्या आत असेल तर 'नॉन-रिॲक्टिव्ह', एक किंवा त्याच्या वर असेल तर 'रिॲक्टिव्ह'. त्यावरून विषाणू किती आहे हे ठरत नाही. त्यासाठी डीएनएची वेगळी तपासणी असते (प्रश्न १३).

खरी गोची होते ती आकडा एकच्या जेमतेम वर असला की, म्हणजे १.२ किंवा १.६. असा कमजोर रिॲक्टिव्ह निकाल खोटाही निघू शकतो. अशा वेळी तोच नमुना पुन्हा चालवतात आणि जमल्यास 'न्यूट्रलायझेशन' नावाची खात्रीची तपासणी करतात. रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून फोन आला असेल तरी आधी हीच पायरी. कार्ड टेस्टवर, म्हणजे पट्टीवर रेघ उमटते त्या तपासणीवर, फिकट रेघ आली असेल तर एलायझा किंवा क्लिया या मशीनवरच्या पद्धतीने पुन्हा करून घ्या. नुसत्या फिकट रेघेवर घरात कुणाला काही सांगू नका.

५. तीनही तपासण्या केल्या आहेत. एकत्र कशा वाचायच्या?

तिन्ही निगेटिव्ह: विषाणू कधी आला नाही आणि संरक्षणही नाही. लस घ्या.

फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह: लशीने संरक्षण मिळालं आहे.

अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी दोन्ही पॉझिटिव्ह, एचबीएसएजी निगेटिव्ह: कधीतरी आजार होऊन गेला, कदाचित कळलाही नाही, आणि शरीराने तो परतवला. लशीची गरज नाही, पण प्रश्न १९ नक्की वाचा.

एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह, अँटी-एचबीएस निगेटिव्ह: संसर्ग चालू आहे. नवा की जुना, ते प्रश्न ११ मध्ये.

एकटं अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह: हा सगळ्यांत त्रासदायक कागद, त्याला प्रश्न १८ अख्खा दिला आहे.

बरेच जण पैसे वाचवायला फक्त एचबीएसएजी करतात. त्यावरून आज संसर्ग आहे की नाही एवढं कळतं. संरक्षण आहे का, पूर्वी होऊन गेला का, यावर तो कागद गप्प असतो. निदान एकदा आयुष्यात तिन्ही एकत्र करून घ्या, असं माझं सांगणं.

६. लस घेतल्यावर आकडा किती हवा? माझा ८.७ आलाय.

सीमा १० ची आहे, म्हणजे एक मिलिलीटर रक्तद्रवात १० मिली-इंटरनॅशनल युनिट. शेवटचा डोस घेतल्यावर एक ते दोन महिन्यांत मोजलेला आकडा १० किंवा त्याहून जास्त असेल तर माणूस सुरक्षित धरला जातो. १२ आला तरी चालतो, ९०० आला म्हणून जास्त सुरक्षित असं नाही. वरचा आकडा बघून शेजाऱ्याशी स्पर्धा करणारे लोक मी पाहिलेत, त्यात अर्थ नाही.

मोजलं कधी, यावर सगळं अवलंबून. डोस पूर्ण झाल्यावर दोन महिन्यांच्या आतच ८.७ असेल तर लस नीट लागली नाही असं धरतात, पुढचं प्रश्न ८ मध्ये. आणि डोस दहा वर्षांपूर्वीचे असतील तर उत्तर प्रश्न ७ मध्ये.

प्रत्येकाला हा आकडा मोजायची गरज नसते. नर्स, डॉक्टर, आमच्यासारखे लॅबवाले, डायलिसिसवरचे रुग्ण, प्रतिकारशक्ती कमी असलेले, संसर्ग असलेल्या माणसाचा जोडीदार आणि संसर्ग असलेल्या आईचं बाळ, यांनी मोजावा.

७. लहानपणी लस झाली होती, आता आकडा ३ आहे. बूस्टर घ्यायचा का?

निरोगी माणसाला सहसा नाही. प्रतिपिंडं काळानुसार उतरतात, पण लस नीट लागली असेल तर शरीराची आठवण शिल्लक राहते आणि विषाणू समोर आला की ती पुन्हा जागी होते. लस घेतलेल्यांवर तीस वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवून हे दिसलं आहे. डायलिसिसवर असलेल्यांचं वेगळं: त्यांचा आकडा दरवर्षी मोजतात आणि १० च्या खाली गेला तर बूस्टर देतात.

खरा प्रश्न पुढे असतो. लस खरंच झाली होती का? 'शाळेत इंजेक्शन दिलं होतं' असं पंचविशी-तिशीतले पुष्कळ जण सांगतात. ते बहुधा धनुर्वाताचं असायचं. हिपॅटायटिस बीची लस देशभरातल्या सरकारी कार्यक्रमात २०११ च्या सुमारास आली. आज बाळाला जन्मल्यावर २४ तासांत पहिला डोस आणि मग सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लशीतून, तो मिळतो. त्याआधी जन्मलेल्यांना ती मिळाली असेल तर बहुधा आईबाबांनी पैसे देऊन. कार्ड सापडत नसेल आणि आकडा १० च्या खाली असेल तर लस झालीच नाही असं धरून डॉक्टर पुन्हा सगळे डोस देतात. जास्तीचा डोस गेल्याने नुकसान होत नाही.

८. तीन डोस झाले तरी आकडा वाढलाच नाही. माझ्यातच काही दोष आहे का?

दोष नाही. निरोगी प्रौढांतही शंभरात पाच-दहा जणांना पहिल्या खेपेला पुरेशी प्रतिपिंडं तयार होत नाहीत. वय चाळिशीपार, धूम्रपान, लठ्ठपणा, मधुमेह, किडनीचा आजार, यांनी शक्यता वाढते. आणखी एक कारण फार कमी लोक विचारात घेतात: इंजेक्शन दंडातच द्यायचं असतं. कुल्ल्यावर दिलं तर चरबीत जातं आणि लस कमी लागते.

पुढची पायरी म्हणजे डोसांची दुसरी पूर्ण फेरी, ०, १ आणि ६ महिन्यांनी, आणि एक-दोन महिन्यांनी पुन्हा आकडा. तरीही १० च्या खाली राहिला तर एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी तपासतात, कारण कधी कधी आतला जुना संसर्गच लशीला दाद देत नसतो. तेही निगेटिव्ह असतील तर तुम्ही 'नॉन-रिस्पॉन्डर'. हॉस्पिटलात काम करत असाल तर हे एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. सुई टोचली तर तुम्हाला लशीवर नाही, हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिनवर, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनवर, अवलंबून राहावं लागेल.

९. परवा लस घेतली, आज ऑपरेशनआधीच्या तपासणीत एचबीएसएजी पॉझिटिव्ह. लशीमुळे लागण झाली?

लशीत जिवंत विषाणू नाही, तेव्हा तिच्यामुळे लागण होऊच शकत नाही. पण लस म्हणजेच सोडण, आणि ते काही दिवस रक्तात फिरत असतं. तपासणी फार संवेदनशील असेल तर तेच पकडते. डोसनंतर सुमारे १८ दिवसांपर्यंत असं घडू शकतं, डायलिसिसवाल्यांत त्याहून जास्त दिवस. महिन्याभराने पुन्हा तपासा. रक्त द्यायला आलात तर डोस कधी घेतला ते आधी सांगा. काउंटरवर हे कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून मी आता विचारूनच घेते.

१०. हणजूणच्या किनाऱ्यावर टॅटू काढला, सुई नवी होती का माहीत नाही. कधी तपासू?

दुसऱ्याच दिवशी धावत तपासायला आलात आणि निगेटिव्ह आलं, तर ते फक्त 'काल तुम्हाला नव्हतं' इतकंच सांगतं. एचबीएसएजी साधारण चार आठवड्यांनी दिसू लागतो, कधी एका आठवड्यात, कधी नऊ आठवड्यांपर्यंत. म्हणून आता एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासा.

तपासणीहून लस महत्त्वाची. ती घेतलेली नसेल तर त्याच दिवशी सुरू करा, शक्यतो २४ तासांत. संसर्ग असलेल्याच माणसाची सुई टोचली हे नक्की असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं आणि तेही जितकं लवकर तितकं बरं. हा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो. टॅटूची सुई, न्हाव्याचं ब्लेड, कान टोचायची तार, सगळ्यांना हे लागू. नवं ब्लेड तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला सांगण्यात लाज कसली?

११. एचबीएसएजी पहिल्यांदाच पॉझिटिव्ह आला. हा नवा संसर्ग की जुना?

एकाच कागदावरून बहुतेकदा सांगता येत नाही. दोन गोष्टी मदत करतात. एक, अँटी-एचबीसी आयजीएम, म्हणजे लागण ताजी असताना तयार होणारं प्रतिपिंड: ते ठळक पॉझिटिव्ह असेल, सोबत डोळे पिवळे आणि एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजारात असेल, तर बहुधा नवा संसर्ग. दोन, वेळ: सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी पॉझिटिव्हच राहिला तर संसर्ग दीर्घकालीन, म्हणजे क्रॉनिक.

लागण कोणत्या वयात झाली यावर पुढचं बरंच ठरतं. प्रौढपणी लागण झालेल्या शंभरातले पंच्याण्णवहून जास्त जण तो आपोआप परतवतात. जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांत तो कायमचा बसतो. म्हणून चाळीस वर्षांच्या माणसात अचानक सापडलेला एचबीएसएजी अनेकदा बाळपणीचाच असतो. नवराबायकोत 'कुठून आणलंस' असं भांडण पेटायच्या आत एवढं जाणून घ्या. मी काउंटरवर ती भांडणं पाहिलेली आहेत.

काविळीवर झाडपाल्याचा रस देणाऱ्यांचं नाव होतं ते याच आकड्याच्या जोरावर. पंच्याण्णव जण तसेही बरे होणार असतात, श्रेय रसाला जातं. उरलेल्या पाचांबद्दल कुणी बोलत नाही, आणि काही पाले स्वतःच यकृताला इजा करतात.

१२. घरात एकत्र जेवण, एकच संडास. बाकीच्यांना होईल का?

अन्नपाण्यातून, मिठीतून, खोकल्यातून पसरत नाही. पावसाळ्यात विहिरीच्या पाण्यातून येणारी कावीळ ए किंवा ई असते, तिचा याच्याशी संबंध नाही. बी पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि जन्माच्या वेळी आईकडून बाळाला. ताट वेगळं करू नका. रेझर, टूथब्रश आणि नेलकटर मात्र वेगळे ठेवा. घरातल्या सगळ्यांच्या तिन्ही तपासण्या करा आणि ज्यांच्या तिन्ही निगेटिव्ह येतील त्यांना लस द्या.

१३. आता डॉक्टर एचबीईएजी आणि डीएनए करायला सांगतात. ते कशासाठी?

संसर्ग आहे हे ठरल्यावर विषाणू किती जोरात वाढतोय ते बघायला. एचबीईएजी पॉझिटिव्ह असेल तर सहसा विषाणू भरपूर आणि संसर्ग पसरवायची ताकद जास्त. पण ई निगेटिव्ह म्हणजे विषाणू झोपलाय असं धरू नका. विषाणूचे काही प्रकार बदललेले असतात, ई बनवत नाहीत आणि तरी जोरात वाढतात. म्हणून डीएनए मोजावा लागतो. मिलिलीटरमागे २,००० इंटरनॅशनल युनिट हा आकडा डॉक्टर बघतात. त्याच्या वर डीएनए आणि वाढलेलं एसजीपीटी असेल, किंवा फायब्रोस्कॅनमध्ये यकृत घट्ट होताना दिसत असेल, तर गोळ्यांचा विचार होतो.

डीएनएची तपासणी महाग आहे. आज एका लॅबमध्ये आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये केली तर आकड्यांची तुलना नीट होत नाही. एकच लॅब धरून ठेवा.

१४. एसजीपीटी नॉर्मल आहे. मग कशाला काळजी? आणि हुर्राक (उन्हाळ्यात निघणारी काजूची दारू) चालेल?

नॉर्मल एसजीपीटी असलेल्यांतही यकृत आतून खराब होत असू शकतं. लॅबच्या कागदावर छापलेली 'नॉर्मल'ची मर्यादा बरेचदा सढळ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात पुरुषांसाठी ३० आणि बायकांसाठी १९ ही वरची मर्यादा धरली आहे. आमच्या कागदावरच्या आकड्याशेजारी हे दोन आकडे ठेवून बघा. दर सहा महिन्यांनी कोणाकोणाला सोनोग्राफी लागते ते डॉक्टर सांगतील. ती टाळू नका, कारण या विषाणूत सिऱ्होसिस (यकृत कडक, खडबडीत होणं) न होताही यकृताचा कर्करोग होऊ शकतो.

हुर्राकने एचबीएसएजीचा निकाल बदलत नाही. एसजीपीटी मात्र वाढू शकतं, आणि मग डॉक्टरांना कळत नाही की विषाणू जागा झालाय की एप्रिल महिना आलाय. संसर्ग असेल तर हुर्राक, फेणी, बिअर सगळं बंदच बरं.

१५. गोव्यात उपचार कुठे, आणि खर्च किती?

केंद्राचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्यात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. बांबोळीला गोमेकॉमध्ये (गोवा मेडिकल कॉलेजमध्ये) चौकशी करा. म्हापशाच्या आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळातही विचारा. जाताना आधार आणि जुने सगळे रिपोर्ट न्या.

टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर ही गोळी सुरू झाली की ती रोज आणि बहुधा वर्षानुवर्षं घ्यायची असते. मनाने थांबवली तर विषाणू उसळी मारतो आणि यकृत अचानक बिघडू शकतं. बोटीवर नऊ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर जात असाल तर तेवढ्या गोळ्या सोबत घेऊनच चढा.

१६. मुलगी गरोदर आहे आणि एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलाय. बाळाचं काय?

हाच रिपोर्ट आहे जिथे वेळेवर हालचाल केली तर आयुष्यभराचा आजार टळतो. आईचा डीएनए मोजायचा. तो दोन लाखांच्या वर असेल तर गरोदरपणातच टेनोफोव्हिर देतात, बाळाला ते सुरक्षित आहे. बाळ जन्मल्यावर १२ तासांच्या आत एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन. मग ठरलेले पेंटाव्हॅलंटचे डोस.

बाळंतपण जिथे करणार आहात तिथे इम्युनोग्लोब्युलिन ठेवलेलं असतं का ते आठव्या महिन्यातच विचारा. रात्री दोन वाजता बाळ जन्मल्यावर फार्मसीत शोधायला धावायची ही वस्तू नव्हे. सिझेरियनची गरज फक्त यासाठी पडत नाही. अंगावरचं दूध पाजायला हरकत नाही.

१७. बाळ पाच महिन्यांचं आहे, त्याचा अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आला. लागण झाली का?

ते प्रतिपिंड आईचं आहे, नाळेतून आलेलं. दीड-दोन वर्षांपर्यंत बाळाच्या रक्तात ते दिसू शकतं. या वयात ही तपासणी करायचीच नसते. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लशीला बाळाला नेता, त्याच सुमारास एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस या दोनच तपासण्या करा. एजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीएस १० च्या वर असेल तर बाळ सुटलं.

१८. एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस निगेटिव्ह, फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह. हे काय गौडबंगाल?

चार शक्यता. खूप जुना, बरा झालेला संसर्ग, ज्यातली अँटी-एचबीएस पातळी काळाच्या ओघात खाली आली. ही सगळ्यांत जास्त वेळा दिसते. खोटा पॉझिटिव्ह निकाल. नव्या संसर्गातली अधली-मधली वेळ, जेव्हा एजी गेलेला असतो आणि अँटी-एचबीएस यायचं असतं. इथे आयजीएम पॉझिटिव्ह असतो. आणि चौथी, लपलेला संसर्ग, एजी दिसत नाही पण डीएनए थोडासा आहे.

मी लोकांना या क्रमाने जायला सांगते: पहिली तपासणी पुन्हा, आयजीएम, मग डॉक्टरांना वाटलं तर डीएनए. अलीकडे रक्त चढवलं होतं किंवा शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं होतं तर तेही सांगा, दात्याची प्रतिपिंडं तुमच्या रिपोर्टमध्ये फिरत असू शकतात. निकाल काहीही लागो, हा कागद जपून ठेवा. कारण पुढच्याच प्रश्नात आहे.

१९. मला वीस वर्षांपूर्वी होऊन गेला, आता निगेटिव्ह आहे. पुन्हा होईल का?

बाहेरून पुन्हा लागण होणार नाही. पण विषाणूचा थोडासा अंश यकृताच्या पेशींत राहून जातो. नेहमी शरीर त्याला दाबून ठेवतं. केमोथेरपी, रिटक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन), खूप दिवस मोठ्या डोसमध्ये स्टेरॉइड, अवयवरोपण, किंवा हिपॅटायटिस सीच्या गोळ्या चालू झाल्या की तो उठू शकतो, आणि उठला तर जिवावर बेततं. म्हणून कर्करोगाचे किंवा संधिवाताचे डॉक्टर 'पूर्वी कधी कावीळ?' असं विचारतात, तेव्हा 'हो, पण केव्हाच बरी झाली' म्हणून विषय संपवू नका. अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह होता असं स्पष्ट सांगा. आधीच गोळ्या देऊन हे टाळता येतं.

२०. एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस, दोन्ही पॉझिटिव्ह. लॅबने चूक केली का?

करूही शकते, पुन्हा तपासा. पण दीर्घकालीन संसर्ग असलेल्या काही लोकांत दोन्ही खरोखर एकत्र असतात. अँटी-एचबीएस दिसतंय म्हणून सुरक्षित समजू नका. एजी आहे तर संसर्ग आहे, पुढचं प्रश्न १३ प्रमाणे.

२१. केसांसाठी बायोटिन घेते. त्याने रिपोर्ट बिघडतो म्हणे?

काही मशीनची रासायनिक पद्धत बायोटिनवरच चालते. ५ किंवा १० मिलिग्रॅमची गोळी घेतली असेल तर निकाल चुकीचा खाली किंवा वर जाऊ शकतो. रक्त द्यायच्या आधी किती दिवस ती बंद ठेवायची ते लॅबला विचारा. केसांची गोळी म्हणजे औषध नव्हे असं समजून बायका हे सांगतच नाहीत.

२२. आखातात नोकरी ठरलीय, मेडिकलमध्ये 'अनफिट' येईल का? एजंट म्हणतो तीन महिन्यांचा कोर्स करून निगेटिव्ह करून देतो.

आखाती देशांच्या मेडिकलमध्ये एचबीएसएजी बघतात आणि पॉझिटिव्ह असेल तर सहसा 'अनफिट' शिक्का बसतो. तुमचा अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह असेल तर घाबरायचं कारण नाही, प्रश्न २ मधल्या मुलासारखं.

एजंटचा कोर्स मात्र फसवणूक आहे. गोळ्यांनी डीएनए शून्याजवळ येतो, पण एचबीएसएजी जात नाही. दीर्घकालीन संसर्गात तो वर्षाला शंभरातल्या जेमतेम एकाचा जातो. लस घेऊनही जात नाही, कारण आधीच लागण झालेल्याला लस काही करत नाही. एका माणसाने अशा कोर्सला बायकोची पाटली मोडली होती. तीन महिन्यांनी माझ्यासमोरच तोच निकाल आला. 'निगेटिव्ह' छापलेला दुसऱ्याचा रिपोर्ट आणून देणारेही भेटतात. तिकडे पुन्हा रक्त काढतात, हे ते सांगत नाहीत.

२३. जुने रिपोर्ट किती दिवस ठेवायचे?

हिपॅटायटिस बीचे कायमचे. सहा महिन्यांचं गणित, लशीनंतरचा आकडा, वीस वर्षांपूर्वीचा अँटी-एचबीसी, सगळं तारखेवर चालतं. कार्ड टेस्टच्या थर्मल कागदावरची अक्षरं उन्हात उडतात, त्याची झेरॉक्स काढा. आणि मला फोटो पाठवताना तुमचं नाव बोटाने झाका, पण वरची तारीख नको. ती नेमकी कापून पाठवतात सगळे.